सापडत नसलेल्या मुली : बालपणीचे प्रेम, दुसरी संधी आणि आपले चित्रपट

गेल्या डिसेंबरात आमच्या दहावीच्या तुकडीचा मेळावा ठरला. शाळा नारपोलीतली, वर्ष १९९२-९३. एकाने जुन्या कागदांतून हजेरीपटाची प्रत शोधून काढली, दुसऱ्याने व्हॉट्सॲपवर गट उघडला आणि यादीवर खुणा करायला सुरुवात झाली. मुलगे आठ दिवसांत गोळा झाले. कोणी अंजूर फाट्याच्या गोदामात सुपरवायझर, कोणाचा धामणकर नाक्यावर गाळा, कोणी वडिलांचेच लूम अजून चालवतो. ज्यांनी भिवंडी सोडली त्यांचाही पत्ता कोणा ना कोणाला ठाऊक होता. मुली मात्र सापडेनात. यादीतल्या निम्म्याही मुलींपर्यंत आम्ही पोचलो नाही. कारण साधे होते. हजेरीपटात होती ती आडनावे आता कुठेच नव्हती. काहींची नावेही लग्नात बदलली होती. फोन नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या नावावर. माहेरचे घर विकलेले किंवा भावाने पाडून नवे बांधलेले.

त्याच दिवसांत गटावरच्या एका मुलाने, म्हणजे आता पन्नाशीकडे झुकलेल्या गृहस्थाने, एका विशिष्ट मुलीचे नाव घेऊन लिहिले, ‘ती सध्या काय करते?’ खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. प्रश्न चित्रपटाच्या नावातून उचललेला होता आणि सगळ्यांना तो ओळखीचा होता. मीही हसले. मग मनात आले की हा प्रश्न इतका गोड वाटतो, त्याला उत्तर मिळण्याची सोय मात्र कोणाकडेच नाही, असे का? प्रस्तुत लेख या ‘का’चा शोध आहे. बालपणीच्या प्रेमाला मोठेपणी दुसरी संधी मिळण्याची जी कथा आहे, ती आपल्याकडे कशी घडली, कशी सांगितली गेली आणि तिच्यात कोणाची बाजू गळून पडली, एवढेच मला पाहायचे आहे.

परदेशी साचा

ही कथा इंग्रजी जगात एक स्वतंत्र प्रकार म्हणून नांदते आणि तिचा हंगाम हिवाळा आहे. अमेरिकेतील हॉलमार्क वाहिनी २००९ पासून नाताळच्या आधीचे काही आठवडे याच धाटणीच्या चित्रपटांना देते. साचा ठरलेला आहे. मोठ्या शहरात नोकरी करणारी नायिका सुट्टीसाठी लहानशा गावी परतते. तिथे शाळेतला जुना मित्र भेटतो. तो गावातच राहिलेला असतो, बहुधा एखादे जुने दुकान किंवा बाग सांभाळत असतो. गावाचा एखादा उत्सव मोडू पाहतो, दोघे मिळून तो तारतात आणि बर्फ पडू लागतो. या साच्याला नावे ठेवणे सोपे आहे, पण त्यातली एक गोष्ट नोंदवायला हवी. इथे परत येते ती बाई. निर्णयही तिचाच असतो. आणि ती परत येते तेव्हा गाव जागेवर असते.

मात्र नाताळच्या गोष्टीचा जो मूळपुरुष, त्या डिकन्सने ही संधी दिलेली नाही. ‘अ ख्रिसमस कॅरोल’ १८४३ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले. त्यातल्या कंजूष स्क्रूजला भूतकाळाचे भूत त्याची तरुणपणीची वाग्दत्त वधू बेल दाखवते. तिने पैशाच्या हव्यासापायी बदललेल्या स्क्रूजला सोडले होते. पुढच्या दृश्यात ती नवऱ्यामुलांत रमलेली दिसते. स्क्रूज सुधारतो, त्याला माणसांत परतायची संधी मिळते, पण बेल मिळत नाही. डिकन्स ती मागतही नाही. दुसरी संधी म्हणजे गेलेले माणूस परत मिळणे, असे त्याने मानलेले नाही. पुढच्या बाजाराने हा फरक पुसून टाकला.

आपल्याकडे ‘बालपणीचे प्रेम’ केव्हा शक्य झाले?

मराठीत ही कथा उशिरा आली, आणि त्याचे कारण वाङ्मयीन नाही. शाळेत जीव जडावा, ताटातूट व्हावी आणि पुढे पुन्हा भेट व्हावी, यासाठी बालपण आणि लग्न यांच्यामध्ये मोकळी वर्षे लागतात. एकोणिसाव्या शतकातल्या उच्चवर्णीय मुलीला ती वर्षेच नव्हती. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात जे रण माजले, ते वय दहावरून बारावर नेण्यासाठी होते. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले आणि १९७८ च्या दुरुस्तीने ते अठरा झाले. म्हणजे कायद्याच्या कागदावर तरी मुलीच्या वाट्याला शाळेची वर्षे एकेक पायरी करून आली. ज्या समाजात नवरा हाच बालपणीचा सोबती, तिथे बालपणीचा प्रियकर कुठून यायचा?

म्हणून आपल्याकडे दुसऱ्या संधीचा पहिला विषय प्रेम नव्हता, वैधव्य होता. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ ची, विधवाविवाहाच्या कायद्यानंतर एका वर्षाने आलेली. आणि प्रत्यक्षातले उदाहरण पाहायचे तर गोदूबाईंचे पाहावे. आठव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. पुढे त्या पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकल्या. त्यांचे बंधू नरहरपंत हे धोंडो केशव कर्वे यांचे मित्र. कर्व्यांची पहिली पत्नी १८९१ मध्ये वारली आणि ११ मार्च १८९३ रोजी त्यांचा गोदूबाईंशी पुनर्विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, जगाने त्यांना बाया म्हणून ओळखले. कर्व्यांच्या मुरुड गावाने बहिष्कार घातला. आनंदीबाईंनी हे सारे ‘माझे पुराण’मध्ये स्वतः लिहिले आहे.

या घटनेत मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, ही दुसरी संधी योगायोगाने मिळालेली नाही. तिच्यामागे एक कायदा होता, एक संस्था होती, बहिष्कार सोसायची तयारी होती. दुसरी, ती सांगणारी बाई आहे. पुढे आपल्या लोकप्रिय कथनात या दोन्ही गोष्टी हरवल्या.

हिवाळा कोणाचा?

आपल्याकडे प्रेमाचा ऋतू पाऊस, नाहीतर वसंत. हिवाळा लग्नाचा. कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त उघडतात. नारपोलीच्या आसपासच्या आगरी गावांत त्यानंतर हळदींचे मांडव पडतात. धवलारणीचे धवले अजून कुठे कुठे ऐकू येतात, बाकी बँजो आणि डीजे आहेतच. म्हणजे जो काळ परदेशी कथेत जुन्या प्रेमाला परत बोलावतो, तोच आपल्याकडे नव्या लग्नावर शिक्का मारतो.

सुट्टीला घरी परतणे आपल्याकडेही आहे. पण ते दिवाळीत आहे, आणि परतणारी माहेरवाशीण आहे. भाऊबिजेच्या त्या दोनतीन दिवसांत ती जुन्या गल्लीतून जाते, जुन्या दुकानात मुलांना घेऊन थांबते. हॉलमार्कच्या नायिकेचा सगळा सरंजाम तिच्यापाशी आहे : सुट्टी, थंडीची चाहूल, बालपणीचे गाव, समोरून येणारा ओळखीचा चेहरा. फक्त तिची गोष्ट भावापाशी संपते. जात्यावरच्या ओव्यांत माहेराला आणि भावाला केवढी जागा आहे, ते आपण जाणतो. त्या गल्लीत आणखी कोणी भेटले असेल, तर ते बोलायची रीत नाही. आपल्याकडच्या परतीच्या कथेचा सगळ्यांत भरलेला प्रसंग असा न लिहिलेला राहिला.

शाळा, टाइमपास आणि ‘ती’

चित्रपटांनी मात्र हिवाळा पकडला. सुजय डहाके यांचा ‘शाळा’ जानेवारी २०१२ मध्ये आला, रवी जाधव यांचा ‘टाइमपास’ जानेवारी २०१४ मध्ये आणि सतीश राजवाडे यांचा ‘ती सध्या काय करते’ जानेवारी २०१७ मध्ये. शाळांच्या स्नेहसंमेलनांचा आणि माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांचा काळही हाच. मला हा योग सूचक वाटतो. या तीन चित्रपटांना एका ओळीत ठेवले की त्यांच्यातले अंतर दिसू लागते.

‘शाळा’ मिलिंद बोकील यांच्या २००४ च्या कादंबरीवर आधारलेला आहे. काळ आणीबाणीचा, निवेदक नववीतला मुकुंद जोशी आणि त्याच्या मनात भरलेली शिरोडकर. या कथेची थोरवी अशी की ती दुसरी संधी कबूलच करत नाही. शिरोडकर जाते आणि आयुष्य पुढे सरकते. मोठा झालेला मुकुंद येऊन हळवा कढ काढत नाही. आणखी एक बारकावा आहे. वर्गात मुलांना आडनावाने हाक मारायची रीत आहे, तशीच ही मुलगीही आपल्या लक्षात आडनावाने राहते. पण मुलाचे आडनाव जन्मभर पुरते. ‘शिरोडकर’ हे नाव लग्नाबरोबर पुसले जाणार. मुकुंदने पुढे कधी शोधायचे ठरवले तर कोणत्या नावाने शोधणार? कादंबरी हा प्रश्न विचारत नाही, पण तिच्या पहिल्या हाकेतच तो दडलेला आहे.

‘टाइमपास’मध्ये अंतर अधिक उघड आहे. दगडू परब आणि प्राजक्ता लेले. दोन आडनावांत जात, वर्ग, भाषा, सगळेच येते. पहिल्या भागाच्या शेवटी ताटातूट होते ती या भिंतीमुळे. २०१५ च्या ‘टाइमपास २’ मध्ये दोघे मोठे झाले आहेत, दगडूच्या हाती पैसा आला आहे आणि अखेर मीलन होते. आपल्या विषयाच्या साच्यात हा एकमेव चित्रपट नेमका बसतो, आणि माझी तक्रारही त्याच्याचबद्दल आहे. पहिल्या भागाने जी भिंत खरीखुरी उभी केली, ती दुसरा भाग पैशाने आणि विनोदाने ओलांडतो. जणू दगडूची अडचण गरिबी एवढीच होती. शिवाय मधल्या वर्षांत दगडू काय झाला ते चित्रपट हौसेने दाखवतो. प्राजक्ता त्या वर्षांत काय झाली, हे तिला ‘शोधण्या’च्या कथानकात विरून जाते. २०२२ मध्ये तिसरा भाग आला, तो पुन्हा तरुण दगडूकडे मागे वळला. मोठ्या माणसांच्या दुसऱ्या संधीत रमण्याऐवजी मालिकेने कोवळेपणाकडे धाव घेतली, हे पुरेसे बोलके आहे.

‘ती सध्या काय करते’ अधिक प्रामाणिक आहे. अनुराग आणि तन्वी यांच्या तीन वयांसाठी तीन जोड्या घेतल्या आहेत. तरुणपणी अभिनय बेर्डे आणि आर्या आंबेकर, प्रौढपणी अंकुश चौधरी आणि तेजश्री प्रधान. मनस्विनी लता रवींद्र यांच्या लेखनात संवादांचा सहजपणा आहे. मेळाव्याच्या निमित्ताने भेट घडते आणि चित्रपट मीलनाच्या मोहात पडत नाही. अनुरागला बायको आहे, संसार आहे, आणि मैत्रीला मैत्री म्हणून स्वीकारण्यापाशी कथा थांबते. हा शेवट मला पटतो. जे खटकते ते निवेदनात आहे. आठवण अनुरागची, चूक त्याची, हुरहुर त्याची, आणि शहाणपणही शेवटी त्यालाच येते. तन्वी छान उभी राहिली आहे, पण ती उत्तर आहे, प्रश्न विचारणारी नाही. ‘तो सध्या काय करतो’ असे ती कधी स्वतःशी म्हणाली असेल का? म्हणाली असेल तर कुठे, भांडी घासताना की विमानात? चित्रपटाला त्याची उत्सुकता नाही. आणि हे नाव वाक्प्रचारासारखे तोंडोतोंडी झाले तेव्हा हा एकतर्फीपणाही त्याच्याबरोबर पसरला. आमच्या गटावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली, ती सगळी मुलग्यांची होती.

दुसरीकडे नावाचे काय होते

ही मर्यादा या प्रकाराचीच आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही, हे दोन चित्रपटांवरून दाखवता येते. सी. प्रेम कुमार यांचा तमीळ ‘९६’ हा चित्रपट २०१८ चा. १९९६ च्या तुकडीचे वर्गमित्र व्हॉट्सॲपवरून जमतात आणि बावीस वर्षांनी राम आणि जानकी भेटतात. ती विवाहित, सिंगापूरला राहणारी. तो अविवाहित. एका रात्रीची भेट, बोलणे, आणि पहाटे ती निघून जाते. इथेही व्याकूळ होणारा पुरुष आहे, पण जानकीला तिची बाजू आहे. ताटातुटीमागचा गैरसमज उलगडतो तेव्हा तिचे दुःख त्याच्याइतकेच मोठे होऊन समोर येते.

सेलीन साँग या कोरियन-कॅनडियन दिग्दर्शिकेचा ‘पास्ट लाइव्हज’ २०२३ चा. सोलमधल्या वर्गातली दोन बारा वर्षांची मुले. मुलीचे कुटुंब देश सोडते. बारा वर्षांनी मुलगा तिला शोधू लागतो आणि सापडत नाही, कारण तो ‘ना यंग’ला शोधतो आहे आणि ती आता ‘नोरा’ झाली आहे. तिच्या वडिलांच्या चित्रपटाच्या पानावर त्याने लिहून ठेवलेली चौकशी तिच्या नजरेस पडते, म्हणून संपर्क होतो. सापडायचे की नाही, हे इथे तिने ठरवले. आणखी बारा वर्षांनी तो तिला भेटायला न्यूयॉर्कला येतो तेव्हा ती विवाहित आहे. ती नवऱ्याकडे परतते, पण रडत. ते रडणे आपल्या माहेरवाशिणीच्या ओळखीचे आहे. ती प्रियकरासाठी जितकी रडते, तितकीच त्या जुन्या नावाच्या मुलीसाठी, जी मागे राहिली.

नाव बदलले की माणूस सापडत नाही, हे परदेशी दिग्दर्शिकेला कथेचा कणा म्हणून दिसले. आपल्याकडे हे घरोघरी घडते, तरी आपल्या पटकथांना ते दिसले नाही. आपल्या नायकाला नायिका सापडते कशी, याचा तपशील आपण कधी मागितला नाही.

नारपोलीत परतणे

परदेशी साच्यातले गाव जसेच्या तसे राहते, हे मी वर म्हटले. नारपोली तशी राहिलेली नाही. आमच्या लहानपणी इथे बोलताना आवाज चढवूनच बोलावे लागे, कारण चहूकडे यंत्रमागांची खडखड. अजूनही माग आहेत, पण बरेच भंगारात गेले. ज्या शेडांत सायझिंगचा वास येई, तिथे गाळे आणि गोदामे आली. कोपऱ्यावर उभे राहून ‘इथेच भेटायचो’ म्हणायला कोपरा उरलेला नाही. अशा गावात हळवी परतकथा रचायची तर खोटे नेपथ्य उभारावे लागेल.

पण दुसऱ्या संधीबद्दल या गावाला एक गोष्ट ठाऊक आहे. भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली झाल्या. १९८४ नंतर कितीतरी घरे एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत गेली. लहान मुलांच्या मैत्र्या तुटल्या त्या अशाही. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. दोन्ही समाजांची माणसे आणि पोलीस नियमाने एकत्र बसू लागले, नळाच्या आणि गटाराच्या तक्रारींवरही बोलू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. तेच आमचे दहावीचे वर्ष. आमचे स्नेहसंमेलन रद्द झाले, पण शाळा पुन्हा भरली आणि वर्गातली सगळी बाके पुन्हा भरली. तेव्हा त्यात काही विशेष आहे असे वाटले नव्हते.

गावाला मिळालेली दुसरी संधी ही अशी होती : चार वर्षे बसून, कंटाळवाण्या बैठका घेऊन मिळवलेली. कर्वे आणि बाया यांची संधीही तशीच कष्टाची. या दोन उदाहरणांपुढे ‘टाइमपास २’ मधली संधी हलकी वाटते ती म्हणून. प्रेमकथेने समितीचा अहवाल व्हावे असे मी म्हणत नाही. पण संधी कोणी घडवली, तिची किंमत कोणी मोजली, हे सांगितले नाही तर ती संधी सुट्टीपुरतीच राहते.

मेळाव्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही तिघी जणींनी शोधायची पद्धत बदलली. हजेरीपट बाजूला ठेवला आणि माहेरच्या गल्लीत जाऊन म्हाताऱ्या बायकांना विचारले, ‘अमक्याची दोन नंबरची, ती कुठे दिली?’ बायकांना सगळे पाठ होते. गाव, सासर, नवे नाव, मुले किती. अशा चार मुली सापडल्या. त्यांतली एक, जिची गटावर चौकशी झाली होती, ती फोनवर आधी गप्प राहिली. मग माझे लग्नाआधीचे नाव घेऊन म्हणाली, ‘मला कुणी विचारतंय, असं वाटलं नव्हतं गं.’ थोड्या वेळाने तिने विचारले, ‘आणि तो काय करतो?’

मी तिला सांगितले. ती मेळाव्याला आली नाही, घरी विचारावे लागेल म्हणाली. भाऊबिजेला येईन तेव्हा भेटू, असे तिने माझ्याशी ठरवले आहे. त्याच्याशी नाही. या भेटीवर कोणी चित्रपट काढणार नाही. पण तिने विचारलेला तो प्रश्न मराठी पटकथेत अजून कोणी मोठ्याने विचारलेला मला आढळला नाही, म्हणून तो इथे नोंदवून ठेवते.